अंदमानच्या सहा रात्री आणि सासूबाईंची एकच इच्छा

पत्राचा सारांश: छत्रपती संभाजीनगरच्या एका शिक्षिकेच्या घरी उन्हाळी सुट्टीत अंदमानला जाण्याचे ठरत आहे. यजमान, अकरावीतला मुलगा, आठवीतली मुलगी, ७२ वर्षांच्या सासूबाई आणि त्या स्वतः अशा पाच जणांचा सहा रात्रींचा बेत आहे. नणंदेने आपल्या सहलीचा कार्यक्रम व्हॉट्सॲपवर पाठवला असून त्यात १९ ठिकाणे आहेत. मुलाला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. मुलीला प्रवाळ आणि मासे पाहायचे आहेत. यजमानांना बाराटांग बेटावरच्या गुहा आणि 'वाटेत दिसणारे आदिवासी' पाहायचे आहेत. सासूबाईंनी 'सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी पाहायची आहे' एवढेच सांगितले आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या आजवर कधी समुद्रातल्या बोटीत बसलेल्या नाहीत. एजंटाने २० मेनंतरचे दर बरेच कमी सांगितले आहेत. त्या विचारतात, "एवढा खर्च करून जायचे तर काही सुटायला नको. पण सासूबाईंना घेऊन हे सगळे जमणार नाही. त्यांना नणंदेकडे ठेवून जावे, की त्यांच्यासाठी मुलांची सहल अर्धी करावी? काहीही ठरवले तरी मला अपराधी वाटते."

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र वाचून झाल्यावर मी सर्वांत आधी नणंदेने पाठवलेली यादी कागदावर दिवसांप्रमाणे मांडून पाहिली, कारण अशा याद्या मोबाइलवर वाचताना सुटसुटीत वाटतात आणि कागदावर उतरल्या की त्यांचे खरे रूप दिसते. त्या कार्यक्रमाप्रमाणे गेलात तर सहा रात्रींत तुम्ही चार वेळा हॉटेल बदलाल, लहानमोठ्या बोटींत आठ वेळा चढाल आणि आठ वेळा उतराल, आणि दोनदा पहाटे तीनच्या सुमारास उठाल. हे वेळापत्रक ७२ वर्षांच्या बाईंना झेपणार नाही हे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. पण मला वाटते की ते तुमच्या अकरावीतल्या मुलालाही झेपणार नाही. तो तक्रार करणार नाही, बसमध्ये झोपून जाईल, एवढाच फरक. म्हणून 'सासूबाईंना न्यावे की नाही' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि ती यादी जशी आहे तशीच पाळली पाहिजे असे आपण का धरून चाललो आहोत, ते आधी पाहू.

'एवढा खर्च करून जायचे तर काही सुटायला नको' हे वाक्य मला दर सुट्टीच्या आधी अनेक पत्रांत वाचायला मिळते, आणि त्यामागची कळकळ मला पूर्ण समजते. मध्यमवर्गीय घरात विमानाने पाच माणसांनी जाणे ही काही वर्षांची बचत असते. पण अंदमानचा हिशेब ठिकाणांच्या संख्येने मांडता येत नाही, कारण तिथे दोन ठिकाणांच्या मध्ये समुद्र आहे. श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, तिथून स्वराज द्वीपाला, म्हणजे आपण ज्याला हॅवलॉक म्हणत आलो त्या बेटाला, खासगी बोटीने दीड ते अडीच तास लागतात. तिथून शहीद द्वीप, पूर्वीचे नील, आणखी तासाभराच्या अंतरावर आहे. या तासांत धक्क्यावर आधी पोहोचणे, सामानाची तपासणी, रांग, बोटीला झालेला उशीर आणि उतरल्यावर गाडीची वाट पाहणे धरलेले नसते. थोडक्यात, एक बेट वाढवले की तुमचा जवळजवळ अर्धा दिवस धक्क्यावर जातो. सहा रात्रींतले असे किती अर्धे दिवस तुम्हाला खर्च करायचे आहेत, हे आधी ठरवा, म्हणजे ठिकाणांची निवड सोपी होईल.

दुसरी गोष्ट सूर्याची. अंदमान आपल्या पूर्वेला खूप दूर आहे, पण घड्याळ मात्र तेच भारतीय प्रमाणवेळेचे. मेच्या आरंभी आपल्याकडे मराठवाड्यात सूर्य मावळायला जवळजवळ सात वाजतात, तर तिथे साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचलाच उजाडते. डिसेंबरात तर संध्याकाळी पाचलाच अंधारू लागते. त्यामुळे 'जेवून थोडे पडू आणि चारला निघू' ही आपली सुट्टीतली सवय तिथे चालत नाही, कारण चारला निघालेल्या माणसाच्या हाती तासाभराचाच उजेड उरतो. पहाटे उठण्याची सवय असलेल्या सासूबाई या बाबतीत तुम्हा सर्वांच्या पुढे असतील. तिथे सकाळी सहा ते दहा हीच फिरण्याची वेळ, आणि दुपार विश्रांतीची.

आता तारखांबद्दल, कारण इथे माझे मत ठाम आहे. २० मेनंतरचे दर कमी का आहेत, याचे उत्तर तुम्हाला दरवर्षी मे महिन्यात आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मिळते: 'मान्सून अंदमानात दाखल'. आपण ती बातमी आपल्या पावसाची चाहूल म्हणून आनंदाने वाचतो, पण ज्यांनी त्याच आठवड्याचे बोटीचे तिकीट काढलेले असते त्यांच्यासाठी तिचा अर्थ वेगळा असतो. सर्वसाधारणपणे मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो तिथे पोहोचतो, आणि २०२५ मध्ये तर १३ मे रोजीच पोहोचला होता. वारे सुरू झाले की समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होते, आणि मग प्रवाळ काय आणि मासे काय, काहीच नीट दिसत नाही. तेव्हा जायचेच असेल तर शाळेची सुट्टी लागताच, मेच्या पहिल्या आठवड्यात निघा, उन्हाची तयारी ठेवा, आणि बंगालच्या उपसागरात मे महिन्यातही चक्रीवादळे होतात हे लक्षात घेऊन हवामान विभागाचा अंदाज रोज पाहा. तेवढ्या लवकर जमत नसेल तर घाईने स्वस्तात जाण्यापेक्षा बेत पुढे ढकलून जानेवारीच्या उत्तरार्धात, प्रजासत्ताक दिनाला जोडून रजा काढा. दिवाळीची सुट्टी मी सुचवणार नाही, कारण तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस असतो. नाताळच्या आसपास हवा सहसा चांगली असते, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. शिवाय डिसेंबरचीही खात्री देता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक काही दिवस अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाला आणि तटरक्षक दलाला जहाजे पाठवावी लागली होती.

म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी कोणालाही मोडू देत नाही: परतीच्या विमानाच्या आदली रात्र श्री विजयपुरममध्येच काढायची. 'सकाळची बोट पकडून दुपारचे विमान गाठू' असे कोणी सुचवले तर कितीही खात्री दिली तरी मान्य करू नका.

आता सासूबाईंकडे वळते. पत्रात तुम्ही लिहिले आहे की त्यांना फक्त कोठडी पाहायची आहे. मला शंका आहे की त्यांनी मागताना हात आखडता घेतला असावा. आपल्या घरातल्या त्या पिढीच्या बायका स्वतःसाठी एकच गोष्ट मागतात, आणि तीही अशी की कोणी नाही म्हणू शकणार नाही. त्यांना समुद्रात पाय बुडवून बसायचे आहे का, काचेच्या तळाच्या बोटीतून मासे पाहायचे आहेत का, हे त्यांना कोणी विचारले आहे का? त्यांना नणंदेकडे ठेवण्याचा विचार तुम्ही त्यांच्या काळजीपोटी करता आहात हे मला दिसते, पण त्यांच्या गुडघ्यांना काय झेपेल याचा निर्णय त्यांना न विचारता घेतला जातो आहे, आणि तुमच्या अपराधी वाटण्याचे मूळ मला तिथे दिसते. एका निवांत संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, नकाशा दाखवा, बोट किती वेळ चालते, किती जिने आहेत हे खरे खरे सांगा, आणि मग त्यांनाच ठरवू द्या. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना दाखवणे, आणि बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी त्यांच्या इतर औषधांबरोबर चालते का हे विचारणे आवश्यक आहे. अशी गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून वृद्धांना देऊ नये.

कोठडीबद्दल मला थोडे सविस्तर लिहू द्या. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये संपले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती आणि त्यांत जवळजवळ ७०० कोठड्या, अशी त्याची रचना होती. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे असल्यामुळे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसत नसे. आज त्यांतल्या तीनच इमारती उभ्या आहेत. दोन जन्मठेपांची, म्हणजे ५० वर्षांची शिक्षा घेऊन सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे पोहोचले आणि १९२१ पर्यंत तिथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे, आणि तिथे जायला जिने चढावे लागतात. सासूबाईंच्या दृष्टीने या संपूर्ण सहलीतला खरा कठीण भाग बोटीपेक्षा हे जिने आहेत, आणि तुमचे नियोजन तिथून सुरू झाले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना तिथे घेऊन गेले होते. त्यांचेही वय सत्तरीपलीकडचे होते आणि त्यांना दम लागत असे. आमच्या बरोबरच्या लोकांना ४० मिनिटे दिली होती. आम्ही मात्र पुढचे ठिकाण सोडून दिले आणि एकेका मजल्यावर थांबत वर गेलो. टोकाच्या कोठडीत बाकीचे लोक फोटो काढून निघून गेल्यावर वडील आत गेले आणि त्यांनी मला दार ओढून घ्यायला सांगितले. त्या दारांचा अडसर फार विचारपूर्वक केलेला आहे. लोखंडाचा लांब दांडा दारापासून दूर, भिंतीत कोरलेल्या खाचेत जाऊन बसतो, म्हणजे आतल्या माणसाने गजांतून हात पूर्ण बाहेर काढला तरी बोटे कडीपर्यंत पोहोचत नाहीत. वडिलांनी गजांतून हात काढला आणि भिंत चाचपत त्या खाचेकडे नेला. वीतभर अंतर उरले. त्यांनी हात तसाच थोडा वेळ ठेवला, मग आत घेतला आणि काही न बोलता खाली बसले. मी बाहेर उभी होते. त्या दिवशी आम्ही दुसरे काहीही पाहिले नाही, आणि वडिलांनी त्यानंतर त्या सहलीबद्दल जे काही सांगितले ते त्या वीतभर अंतराबद्दल होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की जेलला एक पूर्ण सकाळ द्या, आणि ती सहलीच्या सुरुवातीला द्या, सासूबाई ताज्यातवान्या असताना. उघडण्याच्या वेळी पोहोचा, म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही कमी असतील. साप्ताहिक सुट्टीचा दिवस जाण्याआधी तपासून घ्या. जिने चढवलेच नाहीत तर तळमजल्यावरच्या कोठडीत त्यांना बसू द्या, कारण आकाराने त्या सारख्याच आहेत, साधारण साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद. अंगणात घाणी आहे, जिला जुंपून कैद्यांकडून दिवसाला ३० पौंड तेल काढून घेतले जाई. ती मुलांना नीट दाखवा. तिथे बंगाल आणि पंजाबातल्या क्रांतिकारकांची नावे भिंतींवर मोठ्या संख्येने आहेत, तीही वाचा. १९३३ च्या उपोषणात तिघांचे प्राण गेले, ते सारे तरुण होते. अकरावीतल्या मुलाला हे सांगताना फार बोलावे लागणार नाही. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा हिंदी कार्यक्रम असतो, तो बसून पाहायचा असल्यामुळे सासूबाईंना सोपा जाईल. त्याची तिकिटे मात्र आधी काढून ठेवा.

यजमानांच्या इच्छेबद्दल मला स्पष्ट बोलावे लागेल, आणि ते मी त्यांच्याविषयीच्या आदराने बोलते आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि वाटेतली खारफुटीची खाडी सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी लोकांसाठी राखीव असलेल्या जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या जमवून ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडल्या जातात. वाटेत थांबणे, काच खाली करणे, फोटो काढणे, खायला देणे, हे सारे गुन्हे आहेत, कारण १९५६ पासून या लोकांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र नियम आहेत आणि २०१२ मध्ये त्यांतल्या शिक्षा वाढवण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता बंद करण्यास सांगितले होते, २०१३ मध्ये काही आठवडे पर्यटकांना बंदीही घातली होती. जारवा काही शेकड्यांत उरले आहेत. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. आपल्यासाठी किरकोळ असलेला आजार त्यांच्यासाठी काय असतो, हे ग्रेट अंदमानी लोकांच्या इतिहासात दिसते. १९व्या शतकात हजारोंनी असलेले ते लोक बाहेरून आलेल्या रोगांनी जवळजवळ संपले. 'वाटेत आदिवासी दिसतात' हे वाक्य एजंट सहज बोलतो, तुमचे यजमानही निरागसपणे बोलले असतील. पण आपण वेरूळच्या रस्त्याला राहणारी माणसे आहोत. आपल्या अंगणासमोरून रोज शेकडो गाड्या काचेला नाक लावून आपल्याला पाहत गेल्या तर आपल्याला कसे वाटेल, एवढे त्यांना विचारा. मला वाटते ते समजून घेतील.

शिवाय सोयीचा विचार केला तरी बाराटांग तुमच्या सहलीत बसत नाही. अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. पहिला ताफा गाठण्यासाठी पहाटे तीन-साडेतीनला निघावे लागते. पुढे गाडी तराफ्यावरून पलीकडे न्यायची, मग छोट्या बोटीत बसायचे, मग ऊन डोक्यावर घेत एक-दीड किलोमीटर चालायचे आणि सगळे उलट क्रमाने परत करायचे. गुहा पाहायला मिळतात त्या अर्ध्या तासाच्या. गुहांची आवड असलेल्या यजमानांचे वेरूळ-अजिंठा मन भरून पाहून झाले आहे का, हेही मला विचारावेसे वाटते.

आता मुलांच्या समुद्राबद्दल, ज्यात खरोखर खर्च करण्याजोगे काही आहे. तुम्ही तीन सलग रात्री स्वराज द्वीपावर राहा आणि शहीद द्वीप यावेळी सोडून द्या. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण शहीद द्वीप सपाट, शांत आणि भाज्यांच्या मळ्यांचे बेट आहे, आणि वृद्धांना ते फार आवडते. पण एकाच खोलीत तीन रात्री सामान उघडून ठेवता येणे, ओले कपडे वाळत घालता येणे आणि सासूबाईंना ओळखीची झालेली बाथरूम मिळणे, याची किंमत मी जास्त मानते. आठवी-नववीतल्या मुलांसह, पण वृद्धांशिवाय जाणाऱ्या वाचकांनी मात्र शहीद द्वीपाच्या दोन रात्री अवश्य धराव्यात.

स्कूबासाठी पोहता येणे आवश्यक नसते. पहिल्यांदा करणाऱ्याला प्रशिक्षक आधी उथळ पाण्यात श्वास घ्यायला शिकवतो आणि मग हात धरून खाली नेतो. वयाची अट साधारणपणे १० वर्षे पूर्ण अशी असते, म्हणजे तुमची मुलगीही करू शकेल, तिला हवे असेल तर. सुरुवातीला आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. त्यात दमा, कानाचे दुखणे, हृदयविकार, रक्तदाब यांविषयी विचारलेले असते आणि तिथे खोटे लिहिण्याचा मोह मुलांना होतो, कारण नकार मिळण्याची भीती वाटते. मुलाला सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू देऊ नका. कान मोकळे होत नसताना खाली गेले तर पडद्याला इजा होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याखाली गेल्यानंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास विमानात बसायचे नसते, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. स्वराज द्वीपावरच्या पहिल्या पूर्ण दिवसाची सकाळ त्यासाठी धरा, म्हणजे हवा बिघडली तर दुसरा दिवस हाताशी राहील.

मुलगी, तुम्ही आणि सासूबाई राधानगरच्या किनाऱ्यावर सकाळी जा. तिथली वाळू पांढरी आणि घट्ट आहे, किनारा जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे आणि मागे उंच झाडे सावलीला आहेत, त्यामुळे घडीची खुर्ची घेऊन सासूबाईंना पाण्याच्या कडेला बसवता येईल. २०२० मध्ये या किनाऱ्याला स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांसाठीचे ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले आणि जीवरक्षकही असतात. त्यांनी आखलेल्या हद्दीतच पाण्यात उतरा आणि मगरींविषयीचे फलक गांभीर्याने घ्या, विशेषतः खाड्या आणि खारफुटीच्या तोंडाशी. २०१० मध्ये राधानगरच्या जवळच पाण्यात उतरलेल्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. प्रवाळावर पाय ठेवू नये हे मुलांना आधीच सांगा. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापल्यामुळे तिथले बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले, आणि जे आहे ते हळूहळू वाढते आहे. शिंपले, शंख, प्रवाळाचे तुकडे उचलून पिशवीत टाकणे बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर सामानात सापडतात. मुलीची हौस मी समजू शकते, तिला ते वाळूवर मांडून फोटो काढू द्या आणि तिथेच ठेवून यायला सांगा.

भरती-ओहोटीबद्दल एक गोष्ट, जी मी स्वतः चूक करून शिकले. शहीद द्वीपावर लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे, ती ओहोटीच्या वेळीच जवळून पाहता येते. कोकणातल्या माहेरच्या सवयीने मी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढली आणि सर्वांना घेऊन निघाले. पोहोचलो तेव्हा कमानीच्या पायाशी गुडघाभर पाणी होते आणि खडक शेवाळाने निसरडे झाले होते. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, त्या समुद्राची वेळ निराळी. हॉटेलमध्ये किंवा धक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या, कारण धक्का आणि बोटीचा काठ यांतले अंतरही त्यानुसार कमीजास्त होते आणि सासूबाईंना चढवताना ते उपयोगी पडेल. बोटीत त्यांना मधल्या भागात, खालच्या मजल्यावर जागा घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. तिकिटे काढतानाच वृद्ध व्यक्ती आहे असे कळवले तर कर्मचारी हात देतात.

दिवसांची मांडणी मी अशी करीन. पहिल्या दिवशी पोहोचून फक्त आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी जेल, दुपारी झोप, संध्याकाळी ध्वनिप्रकाश. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप आणि तिथे तीन रात्री. सहाव्या दिवशी परत श्री विजयपुरम, आणि हवा चांगली असेल तर समोरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, म्हणजे जुन्या रॉस बेटावर, दोन तास. ब्रिटिशांच्या राजधानीचे अवशेष तिथे वडाच्या मुळांनी गिळले आहेत आणि हरणे माणसांमधून फिरतात, मुलीला ते फार आवडेल. सासूबाई थकल्या असतील तर त्यांच्याबरोबर कोणी एकाने खोलीवर थांबावे. सर्वांनी प्रत्येक ठिकाणी एकत्रच असले पाहिजे ही आपली आणखी एक समजूत आहे. तिच्यामुळे सहलीत एकाच्या दुखण्याचा भार सर्वांवर पडतो. दोन-तीन वेळा दोघे-तिघे वेगळे झाले तर कोणाचेच बिघडत नाही.

एजंटाबरोबर जायचे की स्वतः आखायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण अशाच पत्रांमधून हा प्रश्न येत असतो. मराठी जेवण देणाऱ्या सहल कंपन्यांबरोबर गेल्यास सामान, तिकिटे आणि पथ्याचे खाणे यांची चिंता राहत नाही, आणि एकट्या वृद्धांसाठी तो उत्तम पर्याय आहे. पण जेलमध्ये किती वेळ देणार, स्वराज द्वीपावर किती रात्री, परतीच्या आदली रात्र कुठे, आणि बाराटांग वगळता येईल का, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. बोट रद्द झाली तर पैसे आणि मुक्कामाचे काय, तेही विचारा.

शेवटी तुमच्याविषयी. पत्रात मुलाची, मुलीची, यजमानांची, सासूबाईंची आणि नणंदेचीही इच्छा आहे. तुम्हाला तिथे काय पाहायचे आहे हे मात्र कुठेच नाही. नकाशा घेऊन सासूबाईंजवळ बसाल त्या संध्याकाळी जुनी, नारिंगी २० रुपयांची नोट असेल तर ती शोधून ठेवा. तिच्या मागच्या बाजूला माडांमधून दिसणारा समुद्र आहे तो अंदमानातलाच, आणि नव्या हिरवट नोटेवर आपले वेरूळ आहे. दोन्ही नोटा मुलीला दाखवा. मग त्या दोघींना विचाराल तेच स्वतःलाही विचारा, आणि तुमच्या उत्तराचा एक दिवस त्या सहांमध्ये धरा.